ट्रक गेला

नारायणगावच्या आसपास कुठल्याही घरात पाणी प्यायला तांब्या हातात आला, की तो जरा उजेडाकडे धरून बघावा. काठाखाली बारीक अक्षरं दिसतील. कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कुठली तारीख. अक्षर ठसठशीत, मापाचं आणि एका ओळीत असेल, तर ते पानबाईचं समजावं.

पानबाई ही सुभाषचंद भांडीवाल्यांची बायको. हायवेला लागून त्यांचं ‘पारस भांडी भांडार’ हे दुकान आणि वर राहतं घर. मुलगा पारस, ज्याच्या नावाने दुकान होतं, तो पुण्याला शिकायला होता. मुलगी चेतना गावातल्याच कॉलेजात जात होती.

आमच्याकडे नाव नसलेलं भांडं कुणी आहेर म्हणून मोजत नाही. उद्या पंगतीला भांडी मागून नेली किंवा भावांत वाटणी झाली, तर कुणाचं कुठलं हे कळायचं कसं? पूर्वी हे काम एक म्हातारा कासार छिन्नी-हातोडीने करायचा. त्याने येणं सोडल्यावर सुभाषशेठनी पुण्याहून विजेचं मशीन आणलं. ते पेनासारखं हातात धरायचं. माणूस मिळेपर्यंत तात्पुरतं म्हणून त्यांनी बायकोला गल्ल्याशेजारी बसवलं. माणूस काही मिळाला नाही. पानबाईने तो मिळू दिला नाही, असंही लोक म्हणत. जो येई त्याच्याकडून ती एका जुन्या डब्याच्या झाकणावर नाव टाकून घ्यायची, झाकण लांब धरून बघायची आणि म्हणायची, “कोंबडीनं चालल्यावर बरं दिसलं असतं.”

ती माहेरची घोडेगावची. तिकडे तिच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. सातवीपर्यंत शाळा झाली आणि मग चूल. दुकानात बसायला लागल्यावर तिला कळलं, की आपल्याला माणसं आवडतात, त्यांच्याशी भांडायलाही आवडतं आणि मशीनचा कर्रर्र आवाज तर सगळ्यात जास्त आवडतो. पंचक्रोशीतल्या सगळ्या सोयरिकी तिला पाठ होत्या. कारण लग्न जमलं, की बातमी आधी नातेवाइकांकडे जायची आणि लगेच पानबाईकडे.

त्र्याण्णव साली किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा सगळ्या महाराष्ट्रालाच धडकी भरली. गावाने कपडे, धान्य जमवलं. सुभाषशेठनी ताटं-पातेल्यांची पोती भरून पाठवली. रोज पेपरात फोटो यायचे आणि शेठ ते चष्मा लावून, चष्मा काढून, पुन्हा लावून बघायचे. पुढे पेपरातले फोटो थांबले, पण शेठच्या मनातली भीती काही गेली नाही. जन्मभर दुकानात चपला काढून मांडी घालून बसणारा माणूस आता चपला घालून, पाय खाली सोडून, दाराशी स्टुलावर बसू लागला.

“पाय का सोडलेत?” पानबाईने विचारलं.

“मांडी सोडायला वेळ लागतो,” शेठ म्हणाले.

त्यातच कोयनेकडचे बारीकसारीक धक्के अधूनमधून जाणवायचे. कुणाला जाणवायचे, कुणाला नाही. शेतात काम करणाऱ्याला काही कळायचं नाही. पण भांड्यांच्या दुकानाचं तसं नसतं. वाट्यांच्या चळतीला कुणी नुसती फुंकर घातली तरी त्या सांगतात. शेठ दचकून रस्त्यावर जायचे. समोर टोमॅटोचे अडते कुंडलिकराव बसत. ते तिथून ओरडायचे, “काय शेठ, आज किती हालली?”

चातुर्मास चालू होता. गावच्या जैन स्थानकात साध्वीजी मुक्कामाला होत्या. एका सकाळी व्याख्यान संपल्यावर शेठ उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, “महाराज, मला नियम द्या. जमीन शांत होईपर्यंत गोड बंद.”

सुभाषशेठना गोड किती आवडायचं हे सांगायला हवं. ते वरणातही गुळाचा खडा शोधायचे. त्यामुळे सगळ्या स्थानकाने माना वळवून बघितलं.

साध्वीजी म्हणाल्या, “भाऊ, नियमाला मर्यादा लागते. जमीन शांत झाली हे तुम्हाला कोण येऊन सांगणार?”

शेठ गोंधळले. शेवटी अक्षय तृतीया ठरली. त्या दिवशी वर्षभर तप करणारे उसाच्या रसाने पारणं करतात. त्याच मुहूर्तावर शेठनीही आपलं गोड सोडवायचं.

“आणि त्याच्या आत जमीन हलली तर?” साध्वीजींनी विचारलं.

“तर गोड पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत बंद. आणि दुकान आवरून मी देसाला जाईन. आमच्या देसातली जमीन हलत नाही.”

साध्वीजींनी गोडाचा नियम दिला. देसाचं त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण चारचौघांत, स्थानकात बोललेला शब्द होता तो. बायकांच्या बाजूला पानबाई सामायिकाच्या ध्यानाला बसली होती. तोंडाला मुहपत्ती बांधलेली होती, म्हणून तिचं तोंड किती वेळ उघडं राहिलं ते कुणाला दिसलं नाही.

देस म्हणजे राजस्थानातलं, पाली जिल्ह्यातलं त्यांचं मूळ गाव. तिथे शेठचे थोरले भाऊ राहत. घर मोठं, माणसं चांगली, वाईट म्हणावं असं काही नाही. पानबाई लग्नकार्याच्या निमित्ताने तिकडे जाऊन आली होती. तिथे मोठ्या दिरांसमोर हनुवटीपर्यंत घुंगट घ्यावा लागे. एकदा लग्नघरात दिवसभर घुंगटातून वावरल्यावर तिने जावेला विचारलं होतं, “भाभी, तुमच्या दुकानात काय काय विकतात?” जाऊ तीस वर्षं त्या घरात होती. तिने दुकान आतून पाहिलेलं नव्हतं.

स्थानकातून घरी आल्यावर पानबाईने कपात चहा ओतला. शेठच्या कपात साखर नव्हती.

“देसात काय आहे?” तिने विचारलं.

“भाऊ आहे. घर आहे. जमीन घट्ट आहे.”

“आणि माझं मशीन?”

शेठनी बिनसाखरेचा पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “तिथं बायका कुठं नाव टाकतात?”

ते काही रागाने बोलले नव्हते. पाऊस खालून वर पडत नाही, असं सांगावं तसं सांगितलं होतं. म्हणूनच पानबाईला ते जास्त लागलं. तिने मनाशी ठरवलं, अक्षय तृतीयेपर्यंत जमीन हलता कामा नये. आणि हललीच, तर ह्यांना कळता कामा नये.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी पिंपळवंडीच्या लंकाबाई परात घेऊन बसल्या होत्या. पुतण्याच्या लग्नात द्यायची होती. लंकाबाई म्हणजे गावची बोलकी बाई. पाच मिनिटांच्या कामाला तासभर बसायची. पानबाई नाव टाकत होती आणि अचानक वाट्या किणकिणल्या, टांगलेले झारे एकमेकांवर आपटले आणि तिच्या हातातलं मशीन परातीवर भलतीकडेच घसरत गेलं.

“अगं बया! माज्या नावाला शेपूट फुटलं की!” लंकाबाई म्हणाल्या.

आतल्या गोडाउनमधून शेठचा आवाज आला. “अगं ए, भांडी वाजली का?”

पानबाईने रस्त्याकडे बघितलं. आळेफाट्याकडे जाणाऱ्या ट्रकचं मागचं फळकुट अजून दिसत होतं.

“ट्रक गेला,” ती म्हणाली.

खोटं बोलायचं नाही हे तिच्या रक्तातच होतं, आणि ती खोटं बोललीही नव्हती. पुणे-नाशिक हायवेवर दुकान असताना ‘ट्रक गेला’ हे वाक्य दिवसातून केव्हाही बोलावं, ते खरंच असतं.

मग तिने मशीन पुन्हा टेकवलं, घसरलेली रेघ हलकेच वळवली, तिला एक पान काढलं, दुसरं पान काढलं. “वेल आहे ती, लंकाबाई. नवीन निघालीय.”

लंकाबाईंनी परात फिरवून फिरवून बघितली. “मंग येकाच बाजूनं का? दोन्ही बाजूंनी काढ. आमी काय गरीब हाय का?”

पंधरा दिवसांत राजुरीपासून मंचरपर्यंतच्या बायका वेलवाली भांडी मागू लागल्या. “लंकाबाईच्या परातीवर हाय तशी.” भूकंपाने काढलेली ती वेल पानबाईला आता रोज हाताने काढावी लागत होती.

पण जिवाला घोर होताच. पुढच्या वेळी ट्रक नसला तर? एका दुपारी शेठ जेवायला वर गेले, तेव्हा तिने खाली दुकानात जुन्या पेपरांचा गठ्ठा सोडला. प्रत्येक दोन ताटांमध्ये पेपर, वाट्यांच्या चळतीत पेपर, पेल्यांत पेंढा. झारे खिळ्यावरून काढून पोत्यात भरले. चेतना कॉलेजातून आली तर आई कळशीच्या पोटात गवत कोंबत होती.

“मम्मी, हे काय?”

“चरे पडतात भांड्यांना.”

“इतकी वर्षं नाही पडले ते?”

“इतकी वर्षं तू प्रश्न विचारत नव्हतीस. तो पेंढा दे इकडं.”

शेठ खाली आले, दाराशी स्टुलावर बसले आणि अस्वस्थ झाले. काहीतरी कमी होतं. ट्रक जात होते, पण दुकान गप्प होतं. अर्ध्या तासाने त्यांच्या लक्षात आलं. पानबाईने चऱ्यांचं कारण सांगितलं. व्यापारी माणसाला ते पटलं. पण भूकंप आला तर आता कळणार कसा, ही नवी काळजी लागली.

त्यावर त्यांनी स्वतःच तोड काढली. गोडाउनच्या दाराशी कपाटावर त्यांनी तांब्यांची उतरंड रचली. खाली मोठा, वर लहान, त्यावर आणखी लहान, आणि टोकाला एक पितळी फुलपात्र. ट्रकने ती हलायची नाही, पण जमीन हलली तर कोसळायलाच हवी, अशी मांडणी करायला त्यांना अख्खी सकाळ लागली. “हा आपला पहारेकरी,” ते अभिमानाने म्हणाले. पानबाई त्या उतरंडीकडे बघत बसली. पेपर घालायला तिच्यात जागाच नव्हती.

पहारेकऱ्याने पुढच्याच बाजारच्या दिवशी काम केलं. भर अकराची वेळ. रस्त्यावर भाजीवाल्यांच्या पाट्या, जीपमध्ये माणसं कोंबणारे ड्रायव्हर, टोमॅटोचे क्रेट. दुकानात धडाधड आवाज झाला, फुलपात्र घरंगळत पायरीपर्यंत आलं आणि चपला तयारच असलेले सुभाषशेठ दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध गेले.

“भूकंप! भूकंप! बाहेर पडा!”

शेठसारखा वजनदार माणूस ओरडतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? शिंपी मशीन सोडून पळाला. न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी झालेला पाहुणा फेस घेऊन बाहेर आला. कुंडलिकराव गादीवरून उठले ते थेट क्रेटवर जाऊन बसले, आणि क्रेट भरलेला होता. सगळा बाजार श्वास धरून जमिनीकडे बघत राहिला. जमीन गप्प होती.

तेवढ्यात ‘पारस भांडी भांडार’मधून एक मांजर शेपटी वर करून, सावकाश, बाहेर आलं. पायरीवर बसून पंजा चाटू लागलं.

कुंडलिकराव उठले. मागून धोतरातून टोमॅटोचा रस गळत होता. “शेठ,” ते म्हणाले, “लई मोठा भूकंप व्हता राव. चार पायांचा.”

त्या दिवसापासून शेठना बाजारात चालणं मुश्किल झालं. “शेठ, मांजर बांधलं का?” “शेठ, उंदरानं बी हालती का जमीन?” पानबाई माडीवर जाऊन पदराचा बोळा तोंडात धरून हसली. खाली आली तेव्हा शेठ उतरंडीचे तांबे एकेक करून फळीवर ठेवत होते.

“हसा,” ते म्हणाले. “सगळे हसा. पण हलली की मी जाणार. आता तर जाणारच.”

पानबाईचं हसू तिथेच थांबलं. चेष्टेने माणूस हट्टाला पेटतो, हे तिला आधी सुचायला हवं होतं.

लग्नसराई सुरू झाली. गिऱ्हाइकाला ताट वाजवून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. पेपर निघाले, पेंढा निघाला, झारे पुन्हा खिळ्यावर गेले. दुकान पूर्वीसारखं बोलायला लागलं. अक्षय तृतीया तोंडावर आली तशी पानबाई रोज सकाळी दुकान उघडताना उंबऱ्याला हात लावायची आणि जमिनीला मनातल्या मनात म्हणायची, ‘एवढे दिवस कळ काढ, बाई.’

आणि मग तो दिवस आला. लंकाबाईंची भाची स्नेहल, राजुरीची, तिच्या लग्नाची भांडी घ्यायला दोन्हीकडच्या बायका जीप भरून आल्या होत्या. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. हंडे खाली काढलेले, ताटांच्या चळती काउंटरवर, डब्यांचे सेट उघडलेले. नवऱ्यामुलाची आत्या प्रत्येक पातेलं टिचकी मारून नापास करत होती. चेतना भांडी काढून देत होती आणि पानबाई हंड्यावर नाव टाकत होती.

या वेळी चुकायला जागाच नव्हती. आधी काउंटर थरथरला. मग फळ्यांवरची सगळी भांडी एकदम वाजायला लागली. वाट्या, पेले, झारे, ताटं, सगळीच. टांगलेला तराजू झोके घ्यायला लागला. पानबाईने रस्त्याकडे बघितलं. रस्ता मोकळा होता. एक सायकलसुद्धा नव्हती.

शेठ दाराशीच होते. चपला पायात होत्या. त्यांचा एक पाय पायरीवर गेलासुद्धा.

“शेट, भांडी पडत्यात! धरा की!”

लंकाबाई ओरडल्या होत्या. त्यांनी स्वतः दोन्ही हात पसरून ताटांच्या चळतीला मिठी मारली होती. ते बघून बाकीच्या बायकांनीही जे समोर दिसेल ते धरलं. स्नेहलने डब्यांवर ओणवं होऊन छाती टेकली. कुणी कळश्यांना पोटाशी धरलं. मघापासून नाकं मुरडणारी आत्या टाचा उंचावून वरच्या फळीवरचे पेले दोन्ही तळव्यांनी दाबून उभी राहिली आणि म्हणाली, “ह्ये पडलं तर पोचे येतील, मंग आमी न्हाई घ्यायचो हां!” पळालं कुणीच नाही. सगळं दुकान बायकांनी धरून ठेवलं होतं.

मग थांबलं. एक झारा तेवढा खिळ्यावर हेलकावत राहिला.

“हालली काय वो?” आत्याने विचारलं.

सगळ्यांनी शेठकडे बघितलं. भूकंपातले जाणकार तेच होते. पानबाईचं मशीन हातात चालूच होतं. तिने ते बंद केलं. तिच्या तोंडात वाक्य तयार होतं, पण मोकळ्या रस्त्यावर नजर गेली आणि जीभ उचलेना.

शेठनी पायरीवरचा पाय आत घेतला. ताटांना मिठी मारलेल्या लंकाबाईंकडे बघितलं, पेले धरून ताटकळलेल्या आत्याकडे बघितलं. घसा खाकरला.

“ट्रक गेला,” ते म्हणाले. “बसा. चेतना, पावण्यांना चहा सांग.”

कुंडलिकराव धापा टाकत दारात आले. “शेठ! हालली राव! आज खरीच हालली! माजा कंदील...”

“कुंडलिकराव,” शेठ म्हणाले, “तुमच्या दुकानात मांजर शिरलं असेल. बघा जाऊन.”

बायका हसल्या. आत्याने पेले सोडले आणि त्यातले सहा पसंत केले.

त्या संध्याकाळी पानबाई देसाचा विषय निघण्याची वाट बघत राहिली. भाजीला मीठ कमी पडलं, तरी शेठ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात उतरली, तर शेठच्या चपला पायरीच्या खाली, एकीला एक लावून ठेवलेल्या आणि शेठ गल्ल्यावर मांडी घालून बसलेले. तिने आधी चपलांकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि मशीनची पिन प्लगमध्ये घातली.

अक्षय तृतीयेला स्थानकात पारणी झाली. शेठ हात जोडून कोपऱ्यात बसले होते. परत येताना हायवेच्या रसवंतीवर कुंडलिकरावांनी त्यांना अडवलं. पैज लावल्यासारखा थाट होता.

“शेठ, आज नियम सुटला. या. रस माज्याकडनं. वयनी, तुमी बी या. आलं-लिंबू घालून दे रे, मोठे ग्लास.”

ग्लास आले. वर फेस होता. शेठनी आपला ग्लास उचलला, नाकाजवळ नेला, डोळे मिटून एक लांब वास घेतला. आणि ग्लास पानबाईच्या पुढ्यात ठेवला.

“माझा पुढच्या वर्षी,” ते म्हणाले.

“का वो?” कुंडलिकराव चक्रावले. “जिमीन कुटं हालली? तुमीच म्हनला न्हाई का, ट्रक गेला!”

“तेच म्हणतोय मी,” शेठ म्हणाले. “फार मोठा ट्रक होता.”

पानबाईने नवऱ्याकडे बघितलं. ते रसवंतीच्या चरकाकडे बघत होते, पोर जत्रेतल्या पाळण्याकडे बघतं तसे. आणखी एक अख्खं वर्ष बिनसाखरेचा चहा, बिनगुळाचं वरण, दिवाळीत कोरडं फराळाचं ताट. देसाचं नाव मात्र त्यांनी काढलं नाही, नंतरही कधी काढलं नाही.

“म्हणजे तुम्हाला थंडीतल्या त्या ट्रकचं पण...” तिने हळूच सुरुवात केली.

“भांडीवाला आहे मी,” शेठ म्हणाले. “रस पी. फेस बसतोय.”

तिने आपला ग्लास एका दमात संपवला. मग शेठचा उचलला आणि तोही, मजेत, घोट घोट घेत संपवला.

“वयनी, दोन?” कुंडलिकराव म्हणाले. “शेठ उपाशी आन् तुमी...”

“नियम ह्यांचा आहे,” पानबाई तोंड पुसत म्हणाली. “माझा कुठं आहे?”

आणि ती झपाझप दुकानाकडे निघाली. स्नेहलच्या हंड्यावरचं नाव अर्धंच राहिलं होतं, आणि त्याच्या शेवटच्या अक्षरातून एक लांब रेघ थेट काठापर्यंत गेली होती. तिला पानं काढायची होती.